संगणकाचा ताळा

मुलांनो, भाताची कापणी झाली की शहापूर-मुरबाडकडच्या भाताच्या गिरण्यांवर गर्दी होते. समजा, चार शेतकऱ्यांनी आपापले भात आणले. वजने भरली ४८७, ३५६, २९८ आणि ६७९ किलो. गिरणीवरच्या मुलाने वहीत बेरीज केली आणि रेघेखाली १८२० लिहिले. ही बेरीज बरोबर आहे का, हे तुम्हांला पाहायचे आहे. तुम्ही काय कराल? सगळी बेरीज पहिल्यापासून पुन्हा कराल. दुसरा इलाज नाही. कारण वहीत उत्तराशिवाय काहीच लिहिलेले नाही.

आता समजा, त्या मुलाने हातचेही लिहून ठेवले आहेत. एककांची बेरीज ३०, म्हणून हातचे ३. दशकांची बेरीज हातचे धरून ३२, म्हणून पुन्हा हातचे ३. शतकांची बेरीज हातचे धरून १८. आता तुम्ही तिघे मित्र काम वाटून घेऊ शकता. एकाने एककांचा रकाना पाहावा, दुसऱ्याने दशकांचा, तिसऱ्याने शतकांचा. तिघांनी एकमेकांशी बोलण्याचीही गरज नाही. तिघांनीही आपापला रकाना बरोबर आहे असे सांगितले, की सगळी बेरीज बरोबर. आणि चूक असेल तर ती कोणत्या रकान्यात आहे, हेही लगेच सापडते.

गोष्ट साधी आहे. तुमच्या गणिताच्या शिक्षकांनी ती तुम्हांला कधीच सांगितली असेल. पण १९४९ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे मोठमोठे शास्त्रज्ञ जमले असताना एका गणितज्ञाने जवळजवळ हेच उदाहरण त्यांच्यापुढे मांडले. समोर बसलेल्यांनी जगातले पहिले संगणक बांधले होते. बेरीज कशी करतात हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. तरीही ते उदाहरण का दिले, हे समजण्यासाठी त्या गणितज्ञाचे आयुष्य पाहिले पाहिजे. त्यांचे नाव ॲलन ट्युरिंग.

ॲलनचा जन्म २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. पण त्याच्या घरात हिंदुस्थानच्या गोष्टी रोज निघत असतील. त्याचे वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी होते. आई एथेल सारा यांचा जन्मच दक्षिणेतील पोदनूरचा. आईचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत मुख्य अभियंता होते. थोरला भाऊ जॉन कुन्नूरला जन्मला. इथल्या हवेत मुलांची प्रकृती बिघडेल, या भीतीने त्या काळी इंग्रज अधिकारी आपल्या मुलांना मायदेशी ठेवत. ॲलन आणि जॉन यांनाही समुद्रकाठच्या एका गावी, सेवानिवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवले होते. आईवडील बोटीने येत आणि काही महिन्यांनी पुन्हा निघून जात. ज्याच्या घरातील कोणी आखाती देशांत नोकरीला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगायला नको.

ॲलन लहानपणी वाचायला शिकला तो आपला आपणच, तीन आठवड्यांत. अक्षरांपेक्षा त्याला आकडे अधिक आवडत. रस्त्याने चालताना तो प्रत्येक दिव्याच्या खांबाजवळ थांबे आणि खांबावरचा क्रमांक वाचून मगच पुढे जाई. मात्र डावे कोणते आणि उजवे कोणते, हे त्याला चटकन कळत नसे. म्हणून त्याने डाव्या हाताच्या अंगठ्यावर लाल ठिपका काढला. गोंधळ झाला की तो ठिपका पाही. स्वतःच्या डोक्यावर भरवसा नसेल, तेव्हा डोक्याबाहेर एक खूण करून ठेवायची. मला वाटते, पुढे त्यांनी संगणकाबाबत जे सांगितले त्याची सुरुवात या ठिपक्यापासून झाली असावी. हा माझा केवळ अंदाज आहे. पण तुम्हीही शेवटी तो पडताळून पाहा.

१९२६ साली ॲलन शेरबोर्न येथील शाळेत दाखल होणार होता. तो फ्रान्समधून बोटीने साउदॅम्प्टनला उतरला, तर सगळ्या देशात संप. रेल्वे बंद. शाळा तिथून साठ मैलांवर. तेरा वर्षांच्या ॲलनने सायकल काढली, वाटेत एका रात्रीचा मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी शाळा गाठली. साठ मैल म्हणजे जवळजवळ ९७ किलोमीटर. शहापूरहून लोकलने मुंबईला जाताना जेवढे अंतर होते, त्याहूनही अधिक.

शाळेत मात्र त्याचे कौतुक फारसे झाले नाही. त्याचे अक्षर गिचमिड असे, वह्यांवर शाईचे डाग पडत, आणि भाषेच्या तासाला त्याचे लक्ष नसे. त्या शाळेत लॅटिन आणि ग्रीकला जास्त मान होता. विज्ञानावर जीव टाकणारा मुलगा तिथे चुकीच्या जागी आला आहे, असे मुख्याध्यापकांनाही वाटे. तिथे ॲलनला एकच खरा मित्र मिळाला. तो ख्रिस्तोफर मॉरकम. तो एक इयत्ता पुढे होता, हुशार होता आणि टापटिपीचा होता. दोघे तारे पाहत, रसायनांचे प्रयोग करत, अवघड गणिते एकमेकांना घालत. १९३० सालच्या फेब्रुवारीत ख्रिस्तोफर अचानक वारला. लहानपणी दूषित दुधातून त्याला क्षयाची बाधा झाली होती. ॲलन तेव्हा सतरा वर्षांचा होता. मित्राला जे करायचे होते ते आता आपण केले पाहिजे, असे त्याने मनाशी ठरवले. ख्रिस्तोफरच्या आईला तो पुढे कित्येक वर्षे पत्रे लिहीत राहिला.

१९३१ साली ॲलन केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. १९३५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षीच, त्याच कॉलेजाने त्यांना आपले फेलो म्हणून निवडले. आता त्यांना आपणही ट्युरिंग म्हणू.

त्या वर्षी मॅक्स न्यूमन या प्राध्यापकांच्या व्याख्यानांत ट्युरिंग यांनी एक प्रश्न ऐकला. तो जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचा होता. गणितातील कोणतेही विधान समोर ठेवले, तर ते सिद्ध करता येईल की नाही, हे ठरवणारी एखादी ठरावीक रीत आहे का? रीत म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक आहे. भागाकाराची रीत असते, वर्गमूळ काढण्याची रीत असते. पायरीपायरीने जायचे, डोके चालवायचे नाही, उत्तर येतेच. अशा रीतीला आज जगभर अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादला राहून गणितावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला, आणि तुम्ही ज्याला अलजेब्रा म्हणता तो शब्द त्यांच्याच ग्रंथाच्या नावातून.

ट्युरिंग यांना पळण्याची आवड होती. एकदा लांबवर पळून आल्यावर ते गवताच्या कुरणात आडवे झाले असताना त्यांना या प्रश्नाची वाट दिसली. त्यांनी विचार केला, हिशेब करणारा माणूस नेमके काय करतो? तो चौकटीच्या कागदावर एक चिन्ह पाहतो, दुसरे लिहितो, पुढच्या चौकटीकडे सरकतो आणि आता काय करायचे आहे एवढेच ध्यानात ठेवतो. मुलांच्या गणिताच्या वहीसारखा हा कागद त्यांनी मनातल्या मनात कापून एक लांब फीत केली. मग त्या माणसाच्या जागी एक साधे यंत्र कल्पिले. त्या काळी हिशेब करणाऱ्या माणसालाच इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत, हे लक्षात ठेवा. ट्युरिंग यांनी दाखवले की, असे एकच यंत्र फितीवर निरनिराळ्या आज्ञा दिल्या असता दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे काम करू शकेल. आजचा संगणक म्हणजे हेच.

पण १९३६ सालच्या त्या लेखात आणखी एक गोष्ट होती. यंत्राला दिलेल्या आज्ञा पाहून ते पुढे काय करील, अमुक एक चिन्ह ते कधी छापील की नाही, हे प्रत्येक यंत्राबाबत बिनचूक सांगणारी एकच रीत असूच शकत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. अशी रीत अजून सापडलेली नाही, असे ते म्हणत नव्हते. ती कधीच सापडणार नाही, असे ते म्हणत होते. त्याच सुमारास अमेरिकेतील अलोंझो चर्च हेही वेगळ्या वाटेने हिल्बर्ट यांच्या प्रश्नाच्या त्याच उत्तराला पोहोचले होते. ट्युरिंग त्यांच्याकडे प्रिन्स्टनला गेले आणि १९३८ साली पीएच.डी. होऊन परतले.

याचा अर्थ नीट समजून घ्या. अजून जगात एकही संगणक झालेला नव्हता. आणि संगणकाला दिलेल्या कोणत्याही आज्ञा तपासून देणारा सर्वज्ञ परीक्षक कधी मिळणार नाही, हे आधीच ठरून गेले होते.

पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. ४ सप्टेंबर १९३९ रोजी ट्युरिंग ब्लेचली पार्क येथे हजर झाले. जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने सांकेतिक लिपीत पाठवत असे. ते उलगडण्याचे काम इथे गुप्तपणे चाले. पोलंडच्या गणितज्ञांनी त्यात आधीच मोठी मजल मारली होती आणि आपले ज्ञान इंग्रजांना दिले होते. ट्युरिंग यांनी त्यावरून पुढे एक नवे यंत्र आखले. त्याला बाँब म्हणत, पण ते फुटणारे नव्हते. संदेशात अमुक शब्द असला पाहिजे असे धरायचे, आणि त्यावरून जिथे परस्परविरोध निघेल त्या सगळ्या जुळण्या यंत्राने भराभर बाद करायच्या, अशी त्याची रीत होती.

तिथल्या लोकांना ट्युरिंग विक्षिप्त वाटत. जून महिन्यात परागकणांनी त्यांना शिंका येत, म्हणून ते तोंडावर गॅसचा मुखवटा चढवून सायकलवरून कामाला जात. त्यांच्या सायकलची साखळी मधूनमधून निसटे. दुसऱ्या कोणी ती दुरुस्त करून आणली असती. ट्युरिंग यांनी पायंडलाचे फेरे मोजले. ठरावीक फेऱ्यांनंतरच साखळी निसटते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग ते फेरे मोजत जात आणि वेळ आली की थांबून साखळी जागेवर ठेवत. या कामाबद्दल, म्हणजे सायकलच्या नव्हे तर एनिग्माच्या, त्यांना कोणाजवळ एक शब्दही बोलता आला नाही. ते सारे १९७० नंतरच्या दशकात उघड झाले. तोवर ते हयात नव्हते.

युद्धानंतर ट्युरिंग यांनी लंडनजवळच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत एका मोठ्या संगणकाचा आराखडा केला. बांधकाम मात्र रेंगाळले. कंटाळून ते १९४८ साली मँचेस्टरला गेले. त्यांचे जुने प्राध्यापक न्यूमन आता तिथे होते. त्याच वर्षी २१ जूनला मँचेस्टरच्या एका लहान यंत्राने स्वतःच्या स्मृतीत साठवलेली आज्ञावली प्रथमच चालवून दाखवली होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात केंब्रिजचा संगणकही चालू झाला.

आणि इथेच सगळ्यांना एक नवीन दुखणे लागले. आज्ञावली लिहायला बसले की ती सोपी वाटे. यंत्रावर चढवली की ती चुके. चूक काढावी तर दुसरी निघे. केंब्रिजचा संगणक बांधणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहिले आहे की, एकदा जिना चढताना त्यांना एकाएकी कळून चुकले, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आता स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार.

तुम्ही म्हणाल, चालवून पाहावी, उत्तर बरोबर आले की झाले. हे कधी चालते आणि कधी चालत नाही, ते पाहू. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेल्या डहाणूला जन्मलेले दत्तात्रय कापरेकर हे गणितप्रेमी शिक्षक कसारा घाटापलीकडे देवळालीला शिकवत. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा, आणि पुन्हा पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ येते. ३५२४ घेऊन पाहा: ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ राहिले, ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ राहिले, ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. हे नेहमीच खरे आहे का? चार अंकी संख्या नऊ हजारच आहेत. चिकाटी असेल तर त्या सगळ्या तपासता येतात.

पण मँचेस्टरच्या संगणकात एक संख्या चाळीस द्विमान अंकांची होती. द्विमान म्हणजे फक्त ० आणि १ वापरणारी पद्धत. अशा दोन संख्यांची बेरीज करणारी आज्ञावली सगळ्या जोड्या घेऊन तपासायची म्हटले, तर जोड्यांची संख्या पंचवीस अंकी होते. दर सेकंदाला एक कोटी जोड्या तपासल्या तरी सुमारे ३८० कोटी वर्षे लागतील. शंभर जोड्या तपासून शंभरही बरोबर आल्या, तर त्या शंभर बरोबर आहेत एवढेच कळते.

२४ जून १९४९ रोजी केंब्रिजच्या सभेत ट्युरिंग बोलायला उभे राहिले ते याच विषयावर. मोठी आज्ञावली बरोबरच आहे अशी खात्री कशी करून घ्यावी? त्यांनी प्रथम बेरजेचे उदाहरण दिले. त्यात गंमत झाली. फळ्यावर आकडे लिहिताना त्यांनी ते उलटे लिहिले, एकक डावीकडे आणि मोठे स्थान उजवीकडे. त्यांना ते यंत्रामुळे सवयीचे होते. श्रोते बुचकळ्यात पडले. एवढ्याशा गोष्टीने कोणाला अडचण होईल, हे ट्युरिंग यांच्या गावीही नव्हते. तुमचा मात्र तिथे एवढा गोंधळ झाला नसता. तुम्ही उर्दू उजवीकडून लिहिता, त्याच ओळीत आकडे डावीकडून लिहिता आणि तासाची घंटा झाली की मराठीची वही दुसऱ्या बाजूने उघडता.

त्यांचे म्हणणे असे होते. आज्ञावली लिहिणाऱ्याने नुसत्या आज्ञा लिहून थांबू नये. ठरावीक ठिकाणी त्याने निश्चित विधाने करावीत: यंत्र या ठिकाणी येईल तेव्हा अमुक कप्प्यात अमुकच संख्या असेल. ही विधाने म्हणजे वहीतले हातचे. तपासणाऱ्याने मग एका विधानापासून पुढच्या विधानापर्यंतचाच तुकडा पाहायचा. पहिले खरे असेल तर मधल्या आज्ञांमुळे दुसरे खरे होते ना? प्रत्येक तुकडा असा जुळला की सगळी आज्ञावली जुळली. मग संख्या कोणतीही असो.

त्यांनी उदाहरण घेतले ते १ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांच्या गुणाकाराचे. पाच मुलांना एका बाकावर किती प्रकारे बसवता येईल, हे याच गुणाकाराने निघते: १२० प्रकारे. त्यांनी असे धरले की यंत्राला गुणाकार येत नाही, फक्त बेरीज येते. मग चारपर्यंतचा गुणाकार २४ मिळाला, की २४ पाच वेळा मिळवायचे म्हणजे १२० होतात. यंत्र असे फेरे घेत राहते. दर फेऱ्याच्या सुरुवातीला एकच विधान तपासायचे: आतापर्यंत ज्या संख्येपर्यंत आलो, तिच्यापर्यंतचा गुणाकार कप्प्यात आहे. एका फेऱ्यात ते मोडत नाही असे दाखवले, की हजार फेऱ्यांतही मोडणार नाही.

पण एक शंका राहते. यंत्र थांबलेच नाही तर? तेल्याच्या घाण्याला जुंपलेला बैल दिवसभर चालतो आणि कुठेच पोहोचत नाही. ट्युरिंग यांनी त्याचाही ताळा सांगितला. मुरबाडहून टोकावड्यावरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या एस.टी.त बसल्यावर बाहेरचे मैलाचे दगड पाहा. घाट किती दूर आहे, ते प्रत्येक दगडावर लिहिलेले असते. प्रत्येक दगडावरचा आकडा आधीच्यापेक्षा कमीच आहे आणि तो शून्याच्या खाली जाऊ शकत नाही, एवढे नक्की असेल, तर गाडी केव्हा तरी पोहोचणारच. आज्ञावली लिहिणाऱ्याने असा उतरता आकडा दाखवून द्यावा, म्हणजे यंत्र थांबेल याची खात्री होते.

आता १९३६ आठवा. कोणतीही आज्ञावली बाहेरून पाहून निवाडा देणारी रीत नाही, हे याच माणसाने सिद्ध केले होते. म्हणूनच, मला वाटते, त्यांनी १९४९ साली ते ओझे तपासणाऱ्याच्या डोक्यावर न ठेवता लिहिणाऱ्याच्या हातात दिले. आपण काय करत आहोत हे त्यालाच ठाऊक असते. त्याने ते लिहून ठेवावे. कोणत्याही आज्ञावलीचा ताळा घेता येईल असे नाही, पण ताळा घेता येईल अशी आज्ञावली लिहिता येते. अमेरिकेत फॉन नॉयमन आणि गोल्डस्टाइन यांनीही १९४७ साली आकृत्यांमध्ये अशी विधाने लिहिण्याची सोय केली होती. पण पूर्ण सिद्धता करून दाखवणाऱ्या अगदी पहिल्या लेखांमध्ये ट्युरिंग यांचा हा तीन पानी लेख मोडतो.

त्या तीन पानांचे काय झाले? सभेच्या अहवालात ती छापली गेली, तीही छपाईच्या असंख्य चुकांसह. चुका तपासण्याविषयीचा लेखच चुकांनी भरलेला! तो फारसा कोणी वाचला नाही. ट्युरिंग स्वतः दुसऱ्या विषयांकडे वळले. यंत्र विचार करू शकेल का, यावर त्यांनी १९५० साली प्रसिद्ध लेख लिहिला. प्राण्यांच्या अंगावर ठिपके आणि पट्टे कसे उमटत असतील, याचे गणित १९५२ साली मांडले.

त्याच वर्षी त्यांच्यावर संकट आले. घरी झालेल्या चोरीची तक्रार द्यायला ते स्वतःहून पोलिसांकडे गेले होते. चौकशीत त्यांचे एका पुरुषाशी संबंध असल्याचे निघाले. त्या काळी इंग्लंडात कायद्याने तो गुन्हा होता. ट्युरिंग यांनी काही लपवले नाही. त्यांना दोषी ठरवण्यात आले आणि तुरुंग टाळण्यासाठी एक वर्षभर संप्रेरकांचे उपचार घ्यावे लागले. सरकारी गुप्त कामाची दारे त्यांना बंद झाली. युद्धात त्यांनी काय केले होते, हे न्यायालयात कोणी सांगू शकत नव्हते. ७ जून १९५४ रोजी सायनाइड विषाने त्यांचा मृत्यू झाला. ते ४१ वर्षांचे होते. चौकशीत आत्महत्या असा निकाल दिला गेला. त्यांच्या आईला मात्र तो प्रयोग करताना झालेला अपघात वाटे. तो कायदा इंग्लंडात १९६७ साली बदलला. २००९ साली ब्रिटिश पंतप्रधानांनी त्यांना दिलेल्या वागणुकीबद्दल माफी मागितली आणि २०१३ साली राणीने त्यांना मरणोत्तर क्षमा केली. त्यांचा गुन्हा तरी काय होता, असे पुष्कळांनी तेव्हा विचारले.

१९६६ साली डेन्मार्कचे पीटर नौर, १९६७ साली अमेरिकेचे रॉबर्ट फ्लॉइड आणि १९६९ साली इंग्लंडचे टोनी होर यांनी आज्ञावलीतील विधानांची हीच कल्पना नव्याने मांडली, आणि त्यातून एक शास्त्र उभे राहिले. ट्युरिंग यांची तीन पाने त्यांच्या हाताशी नव्हती. १९८४ साली मॉरिस आणि जोन्स या दोन संशोधकांनी तो जुना लेख छपाईच्या चुका दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा लोकांना कळले की आपण वीस वर्षे ज्या वाटेने चाललो तिच्यावर आधीच कोणाची तरी पावले होती.

तोवर संगणक प्रयोगशाळेतून बाहेर पडला होता. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ हे अग्निबाण उडाल्यावर चाळीस सेकंदांच्या आत भरकटले आणि नष्ट झाले. जुन्या अग्निबाणातील आज्ञावली त्यात तशीच वापरली होती. एक संख्या तिला दिलेल्या कप्प्यात मावली नाही. इथे ही संख्या अमुक आकड्यापेक्षा मोठी होणार नाही, असा हातचा कोणी लिहून पडताळला नव्हता. याउलट १९९८ साली पॅरिसमध्ये चालकाशिवाय धावणारी भुयारी रेल्वे सुरू झाली. तिच्या सुरक्षेची आज्ञावली विधाने लिहून, त्यांची सिद्धता करून बनवली होती. आपल्या कसारा लोकलला मोटरमन असतो, गार्ड असतो. तिथे गाडीत चालवणारे कोणी नाही, म्हणून ताळा आधीच घ्यावा लागला. आपल्याकडे मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पवईची आय.आय.टी. येथेही या विषयावर संशोधन झाले आहे.

२०२१ साली, ट्युरिंग यांच्या जन्मदिवशी, इंग्लंडच्या बँकेने त्यांचे चित्र असलेली पन्नास पौंडांची नोट काढली. तिच्यावर १९३६ सालच्या लेखातील एक तक्ता आहे, बाँब यंत्राची रेखाटने आहेत आणि त्यांची सही आहे. १९४९ सालच्या त्या तीन पानांतले मात्र तिच्यावर काही नाही.